डाउनहिल शर्यतीसाठी मुलाला सायकल घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परतवाडा-अचलपूरपासून मोर्शी-वरुडपर्यंतच्या गावांतली काही मुलं डाउनहिलच्या नादी लागली आहेत. मोबाईलवर वर्ल्ड कप बघतात, घाटात सायकली पळवतात आणि घरी हट्ट धरतात. मी सायकली दुरुस्त करतो आणि या मुलांना उतारावर चालवायला शिकवतो, त्यामुळे त्यांच्या आईवडिलांचे फोन मला येतात. ११ ते १८ वयाच्या, खेड्यात राहणाऱ्या आणि खरोखर शर्यतीत उतरू पाहणाऱ्या मुलांसाठी ही उत्तरं आहेत. घरातला पैसा शेतीतून किंवा छोट्या नोकरीतून येतो, हे धरूनच लिहिलं आहे.

डाउनहिल सायकल म्हणजे नेमकी कोणती? घाटात उतरते ती सगळीच डाउनहिल ना?

नाही. डाउनहिल सायकल फक्त उतरण्यासाठीच बनवलेली असते. पुढे-मागे साधारण २०० मिलिमीटर दबणारं सस्पेन्शन, मोटरसायकलसारखा दोन पट्ट्यांचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), बराच कललेला पुढचा भाग (हेड अँगल ६३ अंशांच्या आसपास), चार पिस्टनचे हायड्रॉलिक ब्रेक, २०० मिलिमीटरच्या डिस्क, पुढे एकच दातेरी चाक आणि मागे बहुधा सातच गिअर. वजन १५ ते १७ किलो. सीट इतकी खाली असते की बसून पायडल मारायला गेलात तर गुडघे छातीला लागतात. ट्रेक सेशन, जायंट ग्लोरी, सांताक्रूझ व्ही१०, स्पेशलाइज्ड डेमो, कमेंसाल सुप्रीम ही या जातीची नावं.

आंतरराष्ट्रीय संघटना यूसीआयच्या नियमात डाउनहिलचा ट्रॅक दीड ते साडेतीन किलोमीटरचा असतो आणि शर्यत दोन ते पाच मिनिटांत संपते. तेवढ्या वेळात दगड, मुळं, उड्या आणि तीव्र वळणं यांवरून जमेल तितक्या वेगाने खाली यायचं. यंत्र त्या दोन-पाच मिनिटांसाठी घडवलेलं असतं. बाकी सगळ्या वेळी ते जड ओझं आहे.

मग पहिलीच सायकल डाउनहिलची घ्यावी का?

घेऊ नका. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

विदर्भात कुठेही सायकल वर नेणारी लिफ्ट नाही. डाउनहिल सायकल वर न्यायची तर ढकलत न्या किंवा छोटा हत्ती करा. गाडीचं डिझेल, ड्रायव्हर, वडिलांची शेतातली सुट्टी हे सगळं जुळून येईपर्यंत महिन्यातून एक-दोन रविवार मिळतात. बाकीचे दिवस पाच लाखांची सायकल ओसरीत उभी. दुसरीकडे, शेजारच्या मुलाकडे साधी पण चांगली हार्डटेल असते, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल. तो रोज शाळेतून आल्यावर बांधावर, तलावाच्या पाळीवर, मुरुमाच्या ढिगावर तासभर खेळतो. वर्षभराने दोघांना एकाच उतारावर सोडलं की हार्डटेलवाला पुढे असतो, कारण त्याला ब्रेक कुठे सोडायचा हे कळलेलं असतं.

दुसरं कारण वजनाचं. ४२ किलोच्या मुलाला १६ किलोची सायकल म्हणजे त्याच्या वजनाच्या एक-तृतीयांशाहून जास्त भार. उडीच्या टोकावर त्याला ती हवेत वळवता येत नाही. तो तिच्यावर नुसता बसून येतो. आणि २०० मिलिमीटरचं सस्पेन्शन त्याच्या चुका गिळून टाकतं. चुकीची वाट पकडली तरी सायकल त्याला पार नेते, त्यामुळे चूक झाली हे त्याला समजतच नाही.

म्हणून माझी पायरी अशी: आधी १२० ते १४० मिलिमीटर फोर्कची, हायड्रॉलिक ब्रेकची अॅल्युमिनियम हार्डटेल. त्यावर मुलगा बेधडक आणि नीट दोन्ही चालवायला लागला की १४० ते १६० मिलिमीटरची फुल सस्पेन्शन ट्रेल किंवा एन्ड्युरो सायकल. ती चढते, रोज चालते आणि तिच्यावर डाउनहिलच्या सुरुवातीच्या शर्यती निर्धास्त मारता येतात. खरी डाउनहिल सायकल त्यानंतर, म्हणजे मुलाचा वेग त्या एन्ड्युरोला झेपेनासा झाल्यावर.

आमच्या गावात त पहाडच नाही. मंग पोट्ट्यानं सराव कुठं करावा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण याचं उत्तर गावातच असतं.

गावतलावाची पाळ, कालव्याचा भराव, ई-क्लास (सरकारी पडीक) जमिनीवरचा चढउतार इथे डाउनहिलची निम्मी शिकवण होते. उभं राहून चालवणं, वळणात सायकल आडवी पाडून अंग सरळ ठेवणं, पुढचा ब्रेक एका बोटाने हळूहळू दाबणं, नजर चाकापुढे न ठेवता वळणाच्या शेवटावर ठेवणं. याला डोंगर लागत नाही. दहा-बारा फुटांचा उतार पुरतो.

ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन मुरुमाचे चार ट्रॉली ढीग टाकले तर पंप ट्रॅक होतो. गुडघ्याएवढे उंचवटे एकामागे एक, टोकाला उतरती वळणं, पाणी शिंपून धुमसानं ठोकलेला पृष्ठ. पायडल न मारता, हातपाय दाबत आणि सोडत त्यावर फेऱ्या मारायच्या. डाउनहिलमध्ये वेग मिळवायचा आणि टिकवायचा तो याच हालचालीतून. काळ्या मातीचा करू नका. पहिल्या पावसात त्याचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात.

मुरुमाच्या जुन्या खदानी मुलांना फार खुणावतात. काठ ढासळतो आणि तळाशी पाणी साचलेलं असतं. मोठं माणूस सोबत नसेल तर तिथे पाठवू नका.

पोरगं अजून वाढूनच राहिलं. एक साईज मोठी घेतली त काय बिघडलं?

शर्ट वाढत्या अंगाचा घेता येतो, डाउनहिलची सायकल नाही. मोठ्या फ्रेमवर मुलाचे हात ताणले जातात, वजन मागे जातं, पुढच्या चाकावर भार पडत नाही आणि सुट्या मुरुमावर ते चाक निसटतं. पडण्याचं हे ठरलेलं कारण आहे, आणि मुलगा मात्र "मला वळण जमत नाही" म्हणून स्वतःला दोष देत बसतो.

साधारण सायकल सीटच्या उंचीवरून मापतात. उतारावरची सायकल रीचवरून मापायची, म्हणजे पायडलच्या धुरीपासून हँडलच्या नळीपर्यंतचं आडवं अंतर. कारण मुलगा पूर्ण वेळ उभाच असणार. प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर उंचीनुसार साईजचा तक्ता असतो. मुलगा दोन साईजच्या मध्ये येत असेल तर लहान घ्या.

दुकानात ही तपासणी करा. मुलाला पायडलवर उभं करा, दोन्ही पायडल जमिनीला समांतर, गुडघे आणि कोपर किंचित वाकलेले. पाठ सपाट, हनुवटी हँडलच्या जवळपास वर आली पाहिजे. कोपर ताठ होत असतील तर सायकल मोठी आहे. मग दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं करा. वरची नळी मांड्यांना लागत असेल तर परत ठेवा.

हँडल नवीन सायकलवर बहुतेकदा ८०० मिलिमीटरचं येतं. लहान खांद्याच्या मुलासाठी ते ७४० ते ७६० पर्यंत कापून घ्या. आधी ग्रिप आत सरकवून आठवडाभर चालवू द्या, पटलं की मगच करवत लावा. क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, १६५ मिलिमीटर किंवा त्याहून लहान असावेत. ब्रेकच्या दांडीवर एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की दांडी हँडलच्या जवळ येते. मुलाचं एक बोट सहज पोचेपर्यंत तो फिरवा. फुकटातली ही दुरुस्ती नवीन ब्रेकइतका फरक पाडते.

ऑनलाइन वीस हजारात डबल शॉकर मिळते. ती का नको?

कारण तिच्यात शॉकर नाही, नुसती स्प्रिंग आहे. खऱ्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग दबते आणि आतलं तेल तिला सावकाश परत येऊ देतं. डबल शॉकरमध्ये ते तेलच नसतं. उडीवरून उतरलात की मागचं चाक उसळी मारतं आणि मुलगा हँडलवरून पुढे जातो. शिवाय वायरचे डिस्क ब्रेक, मऊ लोखंडाचे पायडल, मागचा एक्सल स्क्रूवर बसवलेला. शाळेत जायला चालेल. उतारावर अजिबात चालवू देऊ नका. तेवढ्याच पैशात चांगल्या कंपनीची जुनी हार्डटेल शोधा.

चाक किती इंची? २६, २७.५ की २९?

२०१४ च्या आधीच्या बहुतेक डाउनहिल सायकली २६ इंची. मग २७.५ आलं. २०१७ मध्ये वर्ल्ड कपच्या डाउनहिल सायकलींवर २९ इंची चाकं दिसू लागली, आणि २०१९ मध्ये यूसीआयने पुढे २९, मागे २७.५ अशी मिश्र जोडी चालेल असं ठरवलं. आज बऱ्याच रेसर त्याच जोडीवर असतात.

मुलासाठी सरळ हिशेब. उंची १५० सेंटिमीटरच्या आसपास असेल तर दोन्ही २७.५. १६० च्या पुढे गेला की पुढे २९, मागे २७.५. मागचं मोठं चाक लहान मुलाला तीव्र उतारावर मागे झुकताना ढुंगणाला घासतं, म्हणून दोन्ही २९ घाईने घेऊ नका. २६ इंचीची जुनी डाउनहिल सायकल स्वस्तात मिळते, पण तिचे चांगले टायर आणि फोर्कचे भाग शोधताना नाकी नऊ येतात.

मुलगा हलका आहे. एअर शॉक घ्यावा की कॉईल?

एअर. कॉईल स्प्रिंग वजनानुसार बदलावी लागते, आणि ४०-४५ किलोच्या मुलासाठी पुरेशी मऊ स्प्रिंग सहज मिळत नाही. मुलगा वर्षात सात-आठ किलो वाढला की पुन्हा नवीन. एअरमध्ये शॉक पंपाने हवा कमी-जास्त केली की झालं. शॉक पंप सायकलसोबतच विकत घ्या. टायरच्या पंपाने हे काम होत नाही.

आता हवा किती भरायची ते सांगतो, कारण बहुतेक मुलांच्या सायकली यातच बिघडलेल्या असतात. मुलाला हेल्मेट, पॅड, बूट सगळं घालून पायडलवर उभं करा. एकाने सायकल धरायची. शॉकच्या दांड्यावर एक रबरी रिंग असते, ती सीलला टेकवा. मुलाला अलगद उतरवा, उसळी नको. रिंग सीलपासून किती सरकली ते पट्टीने मोजा. या सरकण्याला सॅग म्हणतात. मागे एकूण स्ट्रोकच्या, म्हणजे शॉक जास्तीत जास्त जेवढा दबतो त्याच्या, ३० टक्के: स्ट्रोक ७५ मिलिमीटरचा असेल तर २२-२३ मिलिमीटर. पुढे २०० मिलिमीटरच्या फोर्कला ४० मिलिमीटरच्या आसपास. कमी सरकली तर हवा सोडा, जास्त सरकली तर भरा.

मग रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परततो ते ठरवणारी लाल रंगाची घुंडी. हवा कमी म्हणजे स्प्रिंग मऊ, आणि मऊ स्प्रिंग हळू परतते. म्हणून हलक्या मुलासाठी ही घुंडी मोठ्या माणसापेक्षा जास्त मोकळी ठेवावी लागते. दुकानातून सायकल येते ती ७०-७५ किलोच्या माणसाच्या हिशेबाने. तशीच चालवली तर फोर्क अर्धाही दबत नाही, मुलाचे हात दुखतात आणि घरचे म्हणतात सायकल कडक आहे.

ब्रेकमध्ये काय पाहायचं?

चार पिस्टन, पुढे २०० मिलिमीटरची डिस्क, आणि तेल कोणतं हे माहीत असणं. सायकलच्या ब्रेकमध्ये दोन प्रकारची तेलं असतात. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल. स्रॅमच्या कोड ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड, जे मोटरसायकलच्या दुकानात डॉट ४ म्हणून कोणत्याही तालुक्याला मिळतं. ही दोन तेलं एकमेकांत गेली की सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. गॅरेजवाला प्रेमाने "टाकून देतो दादा" म्हणेल, तरी बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय टाकू देऊ नका. आणि डॉट ५ नावाचं सिलिकॉन तेल वेगळंच असतं, तेही नको.

परतवाड्याच्या घाटात लांब उतरल्यावर ब्रेकची दांडी हँडलपर्यंत जाऊ लागली तर तेल उकळतंय किंवा आत हवा आहे. थांबा, गार होऊ द्या, आणि घरी आल्यावर ब्लीड करा, म्हणजे तेलातली हवा काढा. ब्लीड किट एकदाच घ्यायचं, दोन-तीन मुलांनी मिळून घेतलं तर उत्तम. मुलाने स्वतः ब्लीड करायला शिकलंच पाहिजे. पुण्या-मुंबईचा मेकॅनिक शर्यतीच्या आदल्या रात्री धारणीला येणार नाही.

बाभळीच्या काट्यांचं काय करायचं?

ट्यूबलेस. आपल्या भागात दुसरा इलाजच नाही. टायरच्या आत सीलंट असतं, काटा घुसला की ते भोक बुजवतं. पण उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या सायकलचं सीलंट फार लवकर सुकतं. मार्च ते जूनमध्ये महिन्याला एकदा टायर हलवून आत खळखळ ऐकू येते का बघा, नाही आली तर भरा. टायरमधला काटा घाईने उपटू नका. चाक फिरवून काटा खाली आणा, म्हणजे सीलंट तिथे साचेल, मग उपटा.

टायर २.४ ते २.५ इंच रुंद, जाड कडेचा, डाउनहिल केसिंगचा. हलक्या मुलासाठी पुढे २० ते २२ पीएसआय, मागे दोन जास्त, इथून सुरुवात करा. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर हा फरक दिसत नाही. छोटा डिजिटल गेज घ्या. आणि हवा त्या-त्या वेळी मोजा: पहाटे २० अंशांत २२ भरलेली हवा ४५ अंशांच्या दुपारी २५ च्या आसपास जाते. सुट्या मुरुमावर तीन पीएसआय म्हणजे पकड आणि घसरण यातलं अंतर आहे.

जुनी सायकल घ्यावी का?

हो, बहुतेक घरांनी तेच करावं. पण फोटोवर पैसे पाठवू नका. पुण्याला किंवा नागपूरला जाऊन दिवसाच्या उजेडात बघा.

फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवा. नख अडकलं तर ओरखडा सील फाडणार, तेल गळणार. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, हँडलच्या नळीशी कटकट जाणवली तर हेडसेट (त्या नळीतलं बेअरिंग) ढिला किंवा गेलेला. सीट धरून मागचा भाग अलगद उचला, चाक जमिनीवरून सुटण्याआधी शॉकच्या बुशात खटका लागतो का बघा. मागचं चाक हाताने उजवी-डावीकडे ढकला, सांध्यांतला ढिलेपणा तिथे कळतो. शेवटी फ्रेम ओल्या फडक्याने पुसून हेड ट्यूबच्या खालची आणि पायडलच्या धुरीजवळची वेल्डिंग बारकाईने बघा. केसासारखी रेघ दिसली की निघा. विकणारा म्हणेल रंग उडालाय. तरी निघा.

गावातल्या वेल्डरकडून तडा भरून घेता येईल असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. अॅल्युमिनियमची फ्रेम वेल्डिंगनंतर भट्टीत उष्णता देऊन कणखर केलेली असते. पुन्हा जाळ लावला की ती जागा मऊ पडते आणि पुढच्या उडीला तुटते.

बिल आणि फ्रेमखालचा नंबर जुळवून घ्या. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ज्या तुकड्याने फ्रेमला अडकतो तो हँगर कोणत्या नंबरचा आहे ते विचारा आणि दोन हँगर त्याच दिवशी मागवा. शंभर-दोनशे ग्रॅमही नसलेल्या त्या तुकड्यापायी मुलांच्या शर्यती हुकतात.

कार्बन की अॅल्युमिनियम?

अॅल्युमिनियम. पोचा पडला तर दिसतो. कार्बनला आत तडा गेलेला बाहेरून कळत नाही, आणि तो तपासणारा माणूस आपल्याकडे नाही.

मुलीसाठी वेगळी सायकल लागते का?

नाही. उंची, वजन, हाताची पकड, एवढंच बघायचं. ब्रिटनच्या रेचल अॅथर्टनने २०१६ मध्ये वर्ल्ड कपच्या सगळ्या डाउनहिल फेऱ्या जिंकल्या होत्या. तुमच्या मुलीला हे सांगा. आणि मुलगी पडली तर "पुरे झालं आता" आणि मुलगा पडला तर "ऊठ", असं घरात होऊ देऊ नका.

हेल्मेट मोटरसायकलचंच चालेल ना? घरात आहे.

नाही चालणार. ते जड असतं. मुलाच्या मानेवर उतारावरच्या प्रत्येक धक्क्याला तो भार येतो, आणि त्यात वारा जात नाही. मे महिन्यात त्यात चक्कर येईल. डाउनहिलचं फुल-फेस सायकल हेल्मेट घ्या, आत एएसटीएम एफ१९५२ असा शिक्का बघून. यूसीआयच्या डाउनहिल शर्यतीत आणि सरावात फुल-फेस सक्तीचंच आहे. बसवून बघा: गाल दाबले गेले पाहिजेत, पट्टा बांधून हेल्मेट हलवलं तर कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. एका जोरदार आपटीनंतर ते बदला, वरून चांगलं दिसत असलं तरी. जुनं हेल्मेट कुणाचं घेऊ नका.

सोबत गॉगल, पूर्ण बोटांचे हातमोजे, गुडघा-नडगीचे पॅड, कोपराचे पॅड, पाठीचं संरक्षण. सपाट तळाचे बूट. आणि सपाट, खिळे असलेले पायडल. बुटाला अडकणारे क्लिपचे पायडल दोन वर्षं तरी नकोत.

एकूण खर्च किती धरायचा?

साधारण अंदाज देतो. चांगली हायड्रॉलिक ब्रेकची हार्डटेल ५० ते ८० हजार. फुल सस्पेन्शन दोन-तीन लाखांपासून. नवी डाउनहिल सायकल चार लाखांपासून आठ लाखांपर्यंत आणि पुढे. हेल्मेट आणि पॅडचे २५ ते ४० हजार वेगळे काढून ठेवा, आणि ते आधी खर्च करा. सायकल दहा हजारांनी स्वस्त घ्या, पण हेल्मेटमध्ये हात आखडू नका.

चालू खर्च लोक धरत नाहीत. वर्षाला टायर, पॅड, चेन, ब्रेक पॅड, सीलंट, आणि सस्पेन्शनची सर्व्हिस. फोर्कच्या खालच्या नळ्यांचं तेल ५० तास चालवल्यावर बदलायचं असतं. आपल्या धुळीत त्याही आधी. सायकलच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी बाजूला ठेवता येणार नसतील तर एक पायरी स्वस्त सायकल घ्या. कर्ज काढून डाउनहिल सायकल घेऊ नका. कापसाचा भाव पडला तर मुलाच्या डोक्यावर त्या हप्त्याचं ओझं येतं, आणि मग तो भीतीने चालवतो.

चिखलदऱ्याला, मेळघाटात सरावाला जाता येईल का?

चिखलदरा १,१०० मीटरच्या वर आहे, खाली अचलपूरची सपाटी चारशेच्याही आत. एवढा उतार विदर्भात दुसरीकडे क्वचितच. मोह होणारच. पण मेळघाट १९७३-७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार परवानगीशिवाय आत शिरणं गुन्हा आहे. जंगलात फावडं घेऊन स्वतःचा ट्रॅक काढायचा विचारही नको. वाट कुठल्या हद्दीत येते ते आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. गावाच्या, महसुलाच्या किंवा खासगी मालकीच्या जमिनीवर, मालकाला सांगून चालवा. पहाटे आणि संध्याकाळी अस्वल आणि रानडुक्कर वाटेवर असतात. उन्हं वर आल्याशिवाय मुलांना सोडू नका.

डांबरी घाटरस्त्यावर डाउनहिलचा सराव करू नका. तिथे शिकण्यासारखं काही नाही, आणि वळणावरून एसटी येते.

शर्यती कुठे असतात? वय काय लागतं?

देशात माउंटन बाईकच्या राष्ट्रीय स्पर्धा सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडिया घेते. संघात जायचं तर जिल्हा संघटना, मग राज्य संघटना, असा रस्ता. त्या वर्षीच्या परिपत्रकात डाउनहिल कोणत्या वयोगटाला आहे ते बघूनच नाव द्या. वय ३१ डिसेंबरला किती होतं त्यावर गट ठरतो. यूसीआयचा ज्युनिअर गट १७ आणि १८ वर्षांचा, वर्ल्ड कपचं दार तिथे उघडतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई माउंटन बाईक स्पर्धा केरळात पोनमुडीला झाली. आपल्या मुलांनी तिचे व्हिडिओ बघावेत. परदेशी ट्रॅकपेक्षा तिथली ओली माती आणि झाडी त्यांना जवळची वाटेल.

ऑलिंपिकमध्ये आहे का? नोकरीत फायदा होतो का?

ऑलिंपिकमध्ये नाही. तिथे १९९६ पासून माउंटन बाईकची फक्त क्रॉस-कंट्री आहे. २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई खेळांत डाउनहिल होतं, त्यानंतरच्या हांगझोऊच्या खेळांत नव्हतं. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण खेळ, स्पर्धेची पातळी आणि प्रमाणपत्र नियमात बसावं लागतं. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चालू शासन निर्णय मागून वाचा. नोकरीसाठीच सायकल घेत असाल तर क्रॉस-कंट्री निवडा.

पडला, लागलं तर?

पडणारच. म्हणून एकट्याने कधीच नाही, आणि सोबतच्याकडे रेंज असलेला फोन हवा. मान किंवा पाठ दुखते म्हणाला तर हेल्मेट काढू नका, उचलू नका, १०८ ला फोन करा. डोकं आपटून तो गोंधळला, ओकला, तेच तेच विचारू लागला तर त्या दिवशी सायकल बंद, डॉक्टरकडे, आणि डॉक्टर म्हणेपर्यंत पुन्हा उतारावर नाही. खांद्याच्या हाडाला सूज असेल तर हात गळ्यात बांधून एक्स-रे काढा. मालिशवाल्याकडे नेऊ नका.

सायकल घरी आली. पहिल्या आठवड्यात काय करायचं?

पहिल्या दिवशी उतारावर नेऊ नका. ब्रेकचे नवे पॅड आधी घासून बसवावे लागतात: मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, पुढचा ब्रेक हळूहळू दाबून चालण्याच्या गतीवर आणायचं, पूर्ण थांबायचं नाही. असं पंधरा-वीस वेळा, मग मागचा. हे केलं नाही तर ब्रेक कायमचे अर्धेच धरतात आणि किंचाळतात.

दुसऱ्या दिवशी हवा आणि सॅग. वर सांगितल्याप्रमाणे मोजून आकडे वहीत लिहा: तारीख, मुलाचं वजन, पुढची हवा, मागची हवा, रिबाउंड किती टिकटिक. दर दोन महिन्यांनी वजन करून आकडे बदला. चांगली चाललेली सायकल अचानक वाईट वाटू लागली तर उत्तर बहुधा त्या वहीतच सापडतं.

पहिल्या दोन फेऱ्यांनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा, स्टेमचे (हँडल धरणारा तुकडा) आणि सस्पेन्शनच्या सांध्यांचे विशेषतः. नवी सायकल सांध्यांत थोडी बसते. सायकल धुताना कार-वॉशचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका. बादली, फडकं, जुना ब्रश. काळी माती लागली असेल तर सुकायच्या आत धुवा. सुकलेली खरवडताना फोर्कच्या नळीवर चरे पडतात.

छोटा हत्तीत टाकून नेताना फाळक्यावर गोधडी घडी करून टाका, खालची नळी तिच्यावर टेकवा, पुढचं चाक बाहेर लोंबू द्या आणि दोरी फ्रेमला बांधा, ब्रेकच्या नळ्यांना नाही.